पहिल्या रविवारच्या आधीचा शनिवार

शनिवारी सकाळी शेजाऱ्यांच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो तेव्हा ते दात घासत होते. आठवडाभर आमची बोलचाल बंद होती. कारण किरकोळच: बोअरच्या पाण्याची पाळी आणि माझ्या तोंडून सुटलेला एक शब्द. मी म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं. तेवढं सांगायला आलो." त्यांनी चूळ भरली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "आज का झालं जी गुरुजी, सकाळी सकाळी?"

खरं कारण सांगणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार. आमच्या मंडळीत त्या दिवशी प्रभुभोजन असतं आणि कुणाशी वितुष्ट ठेवून त्या मेजाशी जाता येत नाही. येशूची डोंगरावरच्या प्रवचनातली शिकवण मी त्यांना सांगितली. माणूस वेदीपर्यंत दान घेऊन पोचला आणि तिथे त्याला आठवलं की आपल्या भावाचं आपल्याबद्दल काही गाऱ्हाणं आहे, तर त्याने दान तसंच सोडून आधी भावाकडे जायचं. शेजारी हसले. "म्हणजे तुमची पूजा माझ्या दारातून सुरू होते म्हणा की!" मग चहा आला, आणि चहाबरोबर दुसरा प्रश्न: "मंग तिथं जाऊन करता का जी तुम्ही दीड तास? आरती नाही, अभिषेक नाही, नारळ नाही."

याचं उत्तर एका कप चहात मावणारं नव्हतं. ते इथे सावकाश देतो.

सालेकसात माझ्या ओळखीची ख्रिस्ती घरं बोटांवर मोजता येतील. रविवारी आम्ही गाडीने गोंदियाला उपासनेला जातो. गाडी रद्द झाली किंवा पावसाने अडवलं, तर घरीच बसतो. अशा आडबाजूच्या तालुक्यात राहून मराठी ख्रिस्ती उपासनेबद्दल काय लिहायचं, असं कुणाला वाटेल. पण आमच्या गावातून जाणारा रूळ या गोष्टीला परका नाही. १८९३ साली नारायण वामन टिळक नावाचे एक कवी नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही ते म्हणाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. नागपूर-राजनांदगाव हा रूळ आमगाव, सालेकसा, दरेकसा, डोंगरगड असाच जातो. पुस्तक हातात आलं तेव्हा गाडी दरेकशाच्या जंगलातूनच चालली होती, असं मी आपलं मनाशी ठरवून टाकलं आहे. त्याला पुरावा नाही, पण विरोधातही नाही.

आता मुद्द्याकडे. उपासना या शब्दाची फोड सोपी आहे: जवळ बसणं. बायबल मात्र जवळ जाण्याबद्दल फार सावध आहे. लेवीय नावाच्या पुस्तकात नादाब आणि अबीहू या दोन याजकांची गोष्ट येते. देवाने सांगितला नव्हता असा अग्नी त्यांनी धुपाटण्यात घातला आणि ते जागीच मेले. दाविदाच्या काळात कराराचा कोश बैलगाडीतून नेत असताना बैल अडखळले, उज्जाने सद्‌भावाने हात लावून कोश सावरला, आणि तोही मेला. शौल राजाने तर युद्धात जिंकलेली उत्तम गुरं देवाला अर्पण करायची म्हणून राखून ठेवली. ती नष्ट कर, असं त्याला आधीच सांगितलेलं होतं. शमुवेल संदेष्ट्याने त्याला सुनावलं त्याचा मथितार्थ असा, की यज्ञापेक्षा सांगितलेलं ऐकणं मोठं. या गोष्टी लहानपणी ऐकताना मला त्या क्रूर वाटत. उज्जाची गोष्ट अजूनही वाटते. पण तिन्हींत एक समान धागा आहे: माझ्या मनाला चांगलं वाटलं म्हणजे ती उपासना झाली, असं होत नाही.

मग काय सांगितलेलं आहे आणि काय नाही, हे ठरवायचं कसं? इथे ख्रिस्ती लोकांत दोन मोठी घराणी पडली. एकाचं म्हणणं, शास्त्रात ज्याची आज्ञा आहे तेवढंच उपासनेत करावं, बाकी सारं वर्ज्य. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन लोकांचा हा बाणा. १६४६च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात तो लिहून ठेवलेला आहे. दुसऱ्याचं म्हणणं, शास्त्राने ज्याला मनाई केलेली नाही आणि जे सुव्यवस्थित आहे, ते मंडळीने विचार करून ठेवायला हरकत नाही. हा अँग्लिकन आणि लूथरन लोकांचा कल. विदर्भात आधी आले ते पहिल्या घराण्यातले. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांच्या मायदेशातल्या त्या चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बाजाची पेटीसुद्धा चालत नसे. फक्त दाविदाची स्तोत्रं, तीही नुसत्या गळ्याने. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स अशा वेगवेगळ्या परंपरांतल्या मंडळ्या एका छपराखाली आल्या. त्यामुळे आज मराठी चर्चमधली उपासना हे दोन्ही घराण्यांचं मिश्रण आहे. छापील प्रार्थना अँग्लिकन वळणाच्या, प्रवचनाची लांबी प्रेस्बिटेरियन, आणि गाणी? गाण्यांकडे पुढे येतो. कॅथलिक मंडळींचा मिस्सा हा वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे मी माझ्या, म्हणजे प्रॉटेस्टंट बाजूचंच सांगतो.

उपासना घंटेने सुरू होते. पहिली घंटा बोलावण्याची, दुसरी सुरुवातीची. दोन्हींच्या मध्ये लोक आत येऊन डोकं टेकवून मनातल्या मनात प्रार्थना करतात. नव्या माणसाला वाटतं, अजून सुरू व्हायचं आहे. खरं तर ते सुरू झालेलं असतं. शहरातल्या चर्चमध्ये बाकं असतात आणि पायात बूट चालतात. खेड्यातल्या मंडळीत चपला दाराशी, आत सतरंजी, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, आणि प्रार्थनेच्या वेळी बायांच्या डोक्यावर पदर. पदराला प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा आधार देतात. पण विदर्भातल्या बाईला तो पदर पौलाने शिकवला असं मला वाटत नाही. तिच्या आजीने शिकवला, पौलाने फक्त दुजोरा दिला.

पाळक पुढे येऊन शास्त्रातल्या एखाद्या वचनाने मंडळीला पाचारण करतात. इथलं एक बारीक लक्षात घेण्याजोगं आहे. पहिला शब्द माणसाचा नसतो. आपण देवाला बोलावत नाही. आवाहन, मग विसर्जन, असा क्रम इथे नाही. बोलावणं तिकडून आलेलं आहे आणि आपण हजर झालो आहोत, अशी ही मांडणी. पुढचा सगळा क्रम याच चालीवर चालतो: तिकडून एक शब्द, इकडून एक उत्तर. पाचारण आणि त्यावर गीत. आज्ञा आणि त्यावर पापांगीकार. क्षमेचं वचन आणि त्यावर स्तोत्र. शास्त्रपाठ, आणि त्यावर विश्वासाची कबुली. ही चाल एकदा कळली की उपासना पाठ करावी लागत नाही, ती आपोआप उलगडत जाते.

पापांगीकाराशी मी जरा थांबतो, कारण शेजाऱ्यांना सगळ्यात नवल त्याचंच वाटलं होतं. सगळी मंडळी एका आवाजात कबूल करते की आम्ही चुकलो. त्यात केलेल्या चुका येतात तशा न केलेल्या गोष्टीही येतात: जे करायला हवं होतं आणि केलं नाही ते. शब्द अनेकवचनी असतात, पण मध्ये थोडा वेळ शांतता ठेवलेली असते आणि ती एकवचनी असते. चांगला पाळक ही शांतता लवकर मोडत नाही. काही जण पाचच सेकंदांत पुढच्या ओळीवर उडी मारतात. माझ्या मते दीड तासातली ही सर्वांत मोठी चोरी. त्यानंतर पाळक क्षमेचं वचन उच्चारतात. इथे ते स्वतः क्षमा करत नाहीत. देवाने पश्चात्तापी माणसाला क्षमा केली आहे, हे जाहीर करतात. पोस्टमनने पत्र आणून द्यावं तसं. पत्र त्याचं नव्हे.

मग शास्त्रपाठ. एक जुन्या करारातला, एक पत्रांपैकी, एक शुभवर्तमानातला. शेवटच्याला सगळे उभे राहतात. पाठ वाचायचं काम बहुधा मंडळीतल्या साध्या माणसाकडे असतं, आणि काळजीपूर्वक उपासना म्हणजे काय हे पाहायचं असेल तर या माणसाचा आदला दिवस पाहावा. माझी पाळी असते तेव्हा रात्री जेवण झाल्यावर मी स्वयंपाकघरात उभा राहून तो उतारा तीनदा मोठ्याने वाचतो. पहिल्या वेळी नावांसाठी. नबुखद्नेस्सर हे नाव तयारीशिवाय ज्याने नीट उच्चारलं असेल, त्याने मला भेटावं. दुसऱ्या वेळी विरामांसाठी: कुठे श्वास घ्यायचा, बोलणारा कोण, ऐकणारा कोण. तिसऱ्या वेळी बायको ऐकते आणि सांगते की तुम्ही शाळेत हजेरी घेता तसं वाचताय. मग चौथ्यांदा. देवाचा शब्द म्हणून जो वाचायचा तो अडखळत, गिळत वाचला तर ऐकणाऱ्याचं नुकसान होतं. एरवी धार्मिक वाटणाऱ्या कितीतरी गोष्टींपेक्षा ही तयारी मला जास्त आज्ञाधारक वाटते.

प्रवचन साधारण अर्ध्या तासाचं. ते वाचलेल्या पाठावरच असावं, असा संकेत आहे. तो पाळला जातोच असं नाही. त्यानंतर सगळे उभे राहून प्रेषितांचा मतांगीकार म्हणतात. त्यात देव, ख्रिस्त, पवित्र आत्मा यांच्याबरोबर पंतय पिलात या रोमी सुभेदाराचंही नाव येतं. इसवी सन २६ ते ३६ या काळात यहूदिया प्रांताचा कारभार पाहिलेला हा अधिकारी जगभरच्या चर्चमध्ये दर रविवारी आठवला जातो, आणि तो काही भक्त म्हणून नव्हे. कारण सरळ आहे: ही गोष्ट अमुक काळात, अमुक अंमलदाराच्या राज्यात घडली, असा तो जबाब आहे. पंचनाम्यात तारीख असावी तसा.

मध्यस्थीच्या प्रार्थनेत सरकार, शेतकरी, आजारी, परीक्षेला बसलेली मुलं, सगळे येतात. जुलैत पाऊस नसला की पावसासाठी, आणि जास्त झाला की तो थांबावा म्हणून. दानाची पिशवी फिरते तेव्हा सगळ्यांचे हात सारखेच आत जातात. पिशवी खोल शिवलेली असते ती त्यासाठीच, कुणी काय टाकलं ते शेजारच्याला दिसू नये. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, या शिकवणीचं हे शिवणकाम. मासिक वर्गणीचं पाकीट मात्र नाव लिहून असतं आणि खजिनदाराच्या वहीत चढतं. या दोन पद्धती एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पाळकांचा पगार द्यायचा तर वही लागते.

पहिल्या रविवारी याच्या पुढे प्रभुभोजन. येशूने धरून दिला जाण्याच्या रात्री शिष्यांबरोबर भाकर मोडली आणि प्याला दिला, माझ्या आठवणीसाठी हे करत जा म्हणाला. त्या आज्ञेचं हे पालन. मेजावर पांढरा स्वच्छ कपडा असतो. कडा काढलेल्या पावाचे लहान चौकोनी तुकडे, किंवा कुठे कुठे चपातीचे. द्राक्षारस म्हणून बऱ्याच मराठी मंडळ्यांत काळ्या मनुकांचं पाणी असतं: मनुका रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी कुस्करायच्या, उकळून गार करायच्या आणि फडक्यातून दोनदा गाळायच्या. पहिल्या खेपेला गाळ राहतो. हे काम मंडळीतली एखादी बाई वर्षानुवर्षं करत असते आणि तिचं नाव कुठल्याही फलकावर नसतं. लहान काचेच्या पेल्यांतून किंवा एकाच प्याल्यातून ते दिलं जातं. करोनाच्या साथीनंतर वेगळ्या पेल्यांकडे कल वाढला.

या मेजाच्या बाबतीत पौल फार कडक आहे. करिंथच्या मंडळीत श्रीमंत लोक आधी येऊन भरपेट खात आणि मजूर उशिरा येऊन उपाशी राहत. त्यावर तो लिहितो की माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. अयोग्य रीतीने खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो. पुष्कळ भोळी माणसं या वचनाला घाबरून मेजाशी जातच नाहीत. माझी आजी वर्षातून एकदाच जात असे, शुभ शुक्रवारच्या आठवड्यात. पौलाचा रोख तसा नाही. परीक्षा कर आणि मग खा, असं त्याचं म्हणणं; परीक्षा कर आणि घरी बस, असं नव्हे. म्हणून तर शनिवारी सकाळी फाटकाशी जावं लागतं.

शेवटी पाळक हात उंचावून आशीर्वचन देतात, लोक बसून क्षणभर गप्प राहतात आणि बाहेर आल्यावर एकमेकांना "जय ख्रिस्त" म्हणतात. मग गाडीची वेळ, आणि बाजारातून भाजी.

गाण्यांबद्दल सांगायचं राहिलं. सुरुवातीच्या मिशनरी काळात इंग्रजी गीतांची भाषांतरं इंग्रजी चालींवर म्हटली जात. चाल तिकडची, शब्द इकडचे. त्यामुळे आघात भलत्याच अक्षरावर पडे आणि मराठी माणसाला आपलीच भाषा ओळखू येईना. तोड काढली ती आपल्याच लोकांनी. अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. टिळकांनी अभंग, ओवी, भजन यांना चर्चच्या दारातून आत आणलं. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. खरं तर ही वाट त्यांच्याही आधी मळलेली होती: फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली गोव्यात 'ख्रिस्तपुराण' छापलं ते ओवीतच. टाळ-मृदंग देवळातला, तो चर्चमध्ये कसा, असे आक्षेप आले. इथे पुन्हा ती दोन घराणी आठवावीत. पहिल्याच्या कडक हिशेबाने तबला चालत नाही, पण मग पियानोही चालत नाही. दाविदाच्या स्तोत्रांत झांजा आहेत, डफ आहे, तंतुवाद्यं आहेत. त्यातली झांज तर आमच्याकडे घरोघरी आहे.

भाषेचा प्रश्न आमच्या टोकाला जास्त अवघड. गोंदियाच्या कुठल्याही गर्दीत मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी आणि आमच्या बाजूला गोंडी अशा सगळ्या भाषा कानावर पडतात. मंडळीत मुलांना हिंदी कोरस आवडतात, म्हाताऱ्यांना टिळक हवे असतात. पौलाने यावर एक साधी कसोटी ठेवली आहे. मंडळीत न कळणाऱ्या भाषेतल्या हजारो शब्दांपेक्षा कळणारे चार-पाच शब्द बरे, कारण कळलंच नाही तर ऐकणारा आमेन कशाला म्हणणार? या कसोटीने गाणी मिसळली तरी चालतील. पाठ आणि प्रार्थना मात्र समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या भाषेत हव्यात. काही मंडळ्यांत तरुणांसाठी म्हणून इंग्रजी गीतं पडद्यावर दाखवतात आणि निम्मी माणसं नुसती ओठ हलवतात. तिथे पौल बाहेर उभा असतो.

आता घर. चर्चमधला दीड तास सोडला तर आठवड्याचे उरलेले एकशे साडेसहासष्ट तास घरात, शाळेत, बाजारात, शेतात जातात, आणि आज्ञा त्यांनाही लागू आहेत.

संध्याकाळी दिवेलागणीला आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना असते. शेजारी शुभं करोति, इकडे आमचं. पद्धत साधी: एक गीत, एक अध्याय, थोडक्यात प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात संपतं. आम्ही रोज एकच वाचतो, म्हणून सव्वातीन वर्षं लागतात. वंशावळीचे अध्याय गाळायचे नाहीत, असा घरचा नियम आहे. धाकट्याला त्यातली नावं भयंकर आवडतात आणि तो ती मांजरांना ठेवतो. घरच्या प्रार्थनेत लांबी हा गुण नाही. येशूनेच सांगितलं की पुष्कळ बडबड केली म्हणजे ऐकलं जातं असं समजू नका, आणि एकट्याची प्रार्थना करायची तर आत जाऊन दार लावून घ्या. आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये दार लावायचं म्हणजे मोरीचं. तेही चालतं.

रविवारचं काय? ख्रिस्ती लोक रविवार पाळतात तो येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला म्हणून. पण जुलैत आमच्याकडे रोवणी असते. पऱ्हे तयार, बांधीत चिखल झालेला, मजूर मिळतील त्या दिवशीच मिळणार, आणि तो दिवस रविवार निघाला तर? माझ्या सासऱ्यांची थोडी शेती आहे आणि हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी येतो. येशूने विचारलं होतं की शब्बाथ दिवशी तुमचा बैल विहिरीत पडला तर काढणार नाही का. सासरे म्हणतात, रोवणी हा विहिरीतला बैलच. सासूबाई म्हणतात, बैल दरवर्षी त्याच रविवारी पडत असेल तर विहीर बुजवा. शेवटी असं ठरलं आहे: रोवणी टाळता येत नसेल तर सकाळी सहाला घरी छोटी उपासना, मग बांधी, आणि मजुरांची मजुरी त्याच संध्याकाळी हातावर, उधारी नाही. मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये, ही जुन्या करारातली आज्ञा आहे, आणि ती रविवार पाळण्याच्या आज्ञेइतकीच आज्ञा आहे. आमोस आणि यशया हे संदेष्टे तर उघड म्हणतात की गरिबाला नाडून केलेले सण आणि गाणी देवाला नकोशी होतात.

प्रसादाचा प्रश्न रोवणीपेक्षाही नाजूक. माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते. तिथली गुहा हे गोंड समाजाचं मोठं श्रद्धास्थान. त्या गुहेशी निगडित असलेली गोंडांच्या पूज्य लिंगोची कथा कागदावर उतरवून घेणाऱ्यांत हिस्लॉप होते. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेम्पल यांनी संपादित करून छापली. धर्मप्रसारक म्हणून आलेल्या माणसाने दुसऱ्यांचं देवगाणं इतक्या निगुतीने जपून ठेवावं, हे मला आवडतं. यात्रेहून परतलेले शेजारी प्रसाद देतात. घ्यायचा की नाही? पौलाने करिंथकरांना जे लिहिलं ते साधारण असं: मूर्ती काही देव नाही, म्हणून बाजारात मिळेल ते फार चौकशी न करता खा, पण हे अर्पण केलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर त्याच्या सद्‌सद्विवेकासाठी खाऊ नका. या एका परिच्छेदावरून मराठी ख्रिस्ती घरांत दोन तट आहेत. काही घेत नाहीत. काही हात जोडून घेतात आणि मुलांना देतात. आमच्या घरात आम्ही घेत नाही, पण ते दारातच, नम्रपणे आणि एका वाक्यात सांगतो, आणि त्या माणसाला चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाही. दुसऱ्या तटातल्या लोकांना आम्ही कमी ख्रिस्ती समजत नाही. पौलानेही रोमच्या पत्रात खाण्यापिण्यावरून एकमेकांचा न्याय करू नका म्हणून बजावलं आहे. ते वचन मात्र पुष्कळांना पाठ नसतं.

धान निघालं की हंगामाचा सण. त्या सणाच्या रविवारी वेदीपुढे धानाचं पोतं, लाखोळीची डाळ, भोपळे, अंडी, एखादा पाय बांधलेला कोंबडा असं सगळं येतं. आशीर्वचनानंतर अंगणात लिलाव होतो. पाचशे रुपयांना भोपळा जातो, आणि विकत घेणारा तो तिथेच परत अर्पण करतो, म्हणून तो दुसऱ्यांदा विकला जातो. गेल्या खेपेला एक भोपळा चारदा विकला गेला आणि शेवटी पाळकांच्याच घरी गेला. कोंबडा मात्र प्रवचनाच्या अगदी मध्यावर आरवला. पेत्राने येशूला नाकारलं तेव्हाचा कोंबडा सगळ्यांना आठवला आणि पाळकांना दोन मिनिटं थांबावं लागलं.

हे सगळं मी शेजाऱ्यांना तुकड्यातुकड्याने सांगितलं, दोन-तीन महिन्यांत, बोअरच्या पाळीला उभं असताना. त्यांनी काही मान्य केलं, काही केलं नाही, आणि लिलावाची कल्पना गणेशोत्सव मंडळात मांडून पाहिली. परवा शनिवारी संध्याकाळी मी अंगणात बूट पुसत बसलो होतो. त्यांनी कुंपणावरून डोकं वर काढलं.

"गुरुजी, उद्या पहिला इतवार ना जी?"

"हो, का?"

"काही नाही. आपलं काही बाकी नाही ना, तेवढं विचारलं."